ब्राह्मी, बदाम आणि वेठीस धरलेला इतिहास

गेल्या आठवड्यात मावशीने एका जाहिरातीचे छायाचित्र पाठविले. धाकटा मावसभाऊ यंदा दहावीला आहे. जाहिरातीत एक जटाधारी ऋषी, त्यांच्यासमोर उघडलेली पोथी, शेजारी हिरवी पाने, आणि खाली मजकूर असा : आपल्या पूर्वजांना हजारो ऋचा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणशक्तीचे रहस्य आता कॅप्सूलमध्ये उपलब्ध आहे. तीन महिन्यांच्या डब्याची किंमत साडेतीन हजार रुपये. मावशीचा प्रश्न साधा होता, "तू इतिहास शिकतोस ना? मग सांग, हे खरं आहे का?"

(ऋचा मुखोद्गत असताना ऋषींनी समोर पोथी कशाला उघडली होती, हे मी तिला विचारले नाही. तो प्रश्न चित्रकारासाठी राखून ठेवतो.)

मित्रहो, औषधाविषयी बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. परंतु या जाहिरातीने साक्षीला बोलावले आहे ते इतिहासाला, आणि साक्षीदाराच्या तोंडी नसलेले शब्द घातले जात असतील तर उलटतपासणी घेणे हे आपलेच काम आहे. धागा लांबणार आहे.

प्रथम विक्रेत्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून घेऊ. 'चरकसंहिते'च्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यांत शंखपुष्पी विशेष मेध्य, असेही म्हटले आहे. म्हणजे वनस्पतींचा बुद्धीशी संबंध जोडण्याची कल्पना जाहिरातवाल्याने काल रात्री रचलेली नाही, ती जुनी आहे.

मात्र येथेच पहिली अडचण उभी राहते. ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? महाराष्ट्रात ओल्या जागी पसरणाऱ्या, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांच्या करिवण्याला सर्रास ब्राह्मी म्हणतात. तीच ग्रंथांतील मंडूकपर्णी. अनेक वैद्य मात्र ब्राह्मी म्हणून बाकोपा नावाची, लहान मांसल पानांची, सर्वस्वी वेगळ्या कुळातली वनस्पती वापरतात. शंखपुष्पीच्या नावाखाली तर वेगवेगळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेली आणि रोपे विकली जातात. ज्या 'प्राचीन रहस्या'चे रोपटे कोणते याविषयीच एकवाक्यता नाही, ते रहस्य डब्यावर एवढ्या ठाम अक्षरांत छापले जाते, याचे मला कौतुक वाटते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, आणि ती त्याच ग्रंथातून येते. 'चरकसंहिते'च्या शारीरस्थानात, पहिल्या अध्यायाच्या अखेरीस, स्मृती कशाने उत्पन्न होते याची आठ कारणे दिली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. सोप्या मराठीत सांगायचे तर कारण दिसले की कार्य आठवते, आकार ओळखीचा वाटला की मूळ वस्तू आठवते, सारख्यावरून सारखे आठवते आणि विरुद्धावरून विरुद्धही, मन एका ठिकाणी बांधले की आठवते, सरावाने आठवते, नीट समजलेले आठवते, आणि पुन्हा ऐकलेले आठवते. आठांपैकी एकही कारण पान नाही, मूळ नाही, तूप नाही. प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की हा सारा विचार तेथे मोक्षाच्या संदर्भात येतो. दहावीची परीक्षा ग्रंथकर्त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. पण स्मरणाच्या क्रियेचे इतके नेमके निरीक्षण ज्या ग्रंथात आहे, त्यातून फक्त रसांची यादी उचलायची आणि ही आठ कारणे गाळायची, ही निवड कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. 'अभ्यास' आणि 'पुनःश्रुत' डब्यात भरता येत नाहीत.

आता बाहेरचा एक साक्षीदार पाहू. चिनी भिक्षू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये भारताकडे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये चीनला परतला. आपल्या वृत्तान्तात तो लिहितो की वेद लिहून ठेवले जात नाहीत, मुखाने मुखी दिले जातात. ते मुखोद्गत करणाऱ्यांची बुद्धी कशी तयार होते याविषयी तो भारतातील दोन परंपरागत मार्ग सांगतो. एक, वारंवार पाठांतर करणे. दुसरा, अक्षरांच्या आधाराने विचार स्थिर करणे. हाच इत्सिंग दातवणापासून उपवासापर्यंत आणि आजारातील पथ्यापासून औषधी मुळांपर्यंत सगळे टिपून ठेवणारा गृहस्थ होता. स्मरणाची वनस्पती त्याने सांगितली नाही म्हणून ती कोणी खात नव्हते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. मौनावरून पुरावा उभा करू नये, हे आम्हांला पहिल्याच सत्रात शिकवितात. पण त्याला जे उल्लेखनीय वाटले ते पाठांतर होते, एवढे निश्चित.

आणि ते पाठांतर म्हणजे काय प्रकरण होते, ते जाणून घेण्याजोगे आहे. ऋग्वेदाची सूक्ते १०२८, ऋचा दहा हजारांहून अधिक. संहितापाठ झाला की पदपाठ, म्हणजे प्रत्येक शब्द सुटा. मग क्रमपाठ : पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. मग जटापाठ : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा. आणि शेवटी घनपाठ : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच सारे नव्याने. एक शब्द निसटला किंवा एक स्वर घसरला तर साखळी तेथेच अडखळते आणि समोर बसलेले गुरुजी थांबवितात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी याला चूक पकडण्याची संकेतपद्धती म्हणतील, आणि ते चुकीचे ठरणार नाही. यात स्वर आहे, हाताची हालचाल आहे, उलटसुलट क्रम आहे, समूहात म्हणणे आहे, दररोजची तपासणी आहे आणि वर्षानुवर्षांचा वेळ आहे. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेला मौखिक वारशाचा दर्जा दिला तो या व्यवस्थेसाठी. अशा व्यवस्थेचे सगळे श्रेय एका पानाला देऊन टाकणे म्हणजे ज्यांनी घसा फोडून ती टिकविली त्या पिढ्यांचा अपमान आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा अपमान दिसत नाही, आणि तीच मंडळी ही जाहिरात सर्वाधिक उत्साहाने पुढे पाठवितात!

जाहिरातीतला 'आपले पूर्वज' हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. वेद मुखोद्गत असणारे पूर्वज समाजाच्या फार थोड्या भागाचे होते. गौतम धर्मसूत्रात वेदाचे शब्द मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे किंवा लाख वितळवून ओतण्याची शिक्षा लिहिलेली आहे. ती प्रत्यक्षात कितीदा अंमलात आली हा स्वतंत्र प्रश्न. परंतु ज्यांच्या पूर्वजांसाठी असे नियम लिहिले गेले त्यांच्या नातवंडांना आज तीच परंपरा साडेतीन हजारांना 'तुमचा वारसा' म्हणून विकली जाते, हा विनोद बराच कडवट आहे.

मग बाकीच्यांना स्मरणशक्ती नव्हती काय?

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे उत्तर दोन ठिकाणी ठळकपणे मिळते. पहिले महानुभावांकडे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. नागदेवाचार्यांच्या आठवणींतून चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांनी जमविल्या, आणि ज्याच्या समोर जी घटना घडली त्याच्याकडे जाऊन ती पडताळली. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत, मूळ पोथी नष्ट झाली असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो अनुयायांच्या स्मरणातून. त्यांत हिराइसा नावाच्या स्त्रीचे नाव आहे. तिच्या नावाचा पाठ आजही अभ्यासक ओळखतात. मराठीतला आद्य गद्यग्रंथ आपल्यापर्यंत पोचला, त्यात एका स्त्रीच्या स्मरणाचा एवढा वाटा आहे, आणि हिराइसेचे चित्र मी आजवर एकाही डब्यावर पाहिलेले नाही.

पण या कथेचा दुसरा भागही सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्याला कमी सोयीचा आहे. निरनिराळ्या लोकांच्या स्मरणातून ग्रंथ उभा राहिला तेव्हा पाठभेद झाले. लीळांचा क्रम, शब्द, तपशील बदलले. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना ते पाठ ताडून पाहण्यात वर्षे घालवावी लागली. श्रद्धेने, निष्ठेने, नित्य उजळणीने जपलेले स्मरणसुद्धा छायाप्रत काढीत नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने रचते. वेदपाठाने हा धोका ओळखून त्याविरुद्ध घनपाठाची तटबंदी उभारली, कथनाच्या परंपरेला तशी तटबंदी नव्हती. 'छायाचित्रासारखी स्मरणशक्ती' विकणाऱ्यांनी हे पाठभेद एकदा चाळावेत.

दुसरे उत्तर जात्यावर आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या गाणाऱ्या स्त्रिया तीन हजारांहून अधिक. त्यांतल्या बहुतेकींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते. पहाटे उठून दळण, मग पाणी, मग शेत. ताटात भाकरी आणि कोरड्यास. बदाम त्यांनी सणालाही क्वचितच पाहिले असतील. या स्त्रियांच्या डोक्यात एवढे वाङ्मय कसे मावले, हा प्रश्न स्मरणशक्तीच्या कोणत्याही वर्गात विचारला जात नाही, कारण त्याच्या उत्तरातून विकण्याजोगी वस्तू निघत नाही.

माझ्या आजीला मी एकदा दिवाणखान्यात बसवून, मोबाइल समोर धरून, ओव्या म्हणायला सांगितल्या. तिला एकही आठवेना. ती ओशाळली, मीही ओशाळलो. मग तिने उजवा हात पुढे करून नसलेला खुंटा धरला, दोन-चार फेरे घेतले, आणि जी सुरू झाली ती अर्धा तास थांबली नाही. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवर केलेला प्रयोग मी पुढे वाचला : पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक चांगले आठवतात. आजीचे पाणी म्हणजे जाते होते.

पंतोजींच्या शाळेचेही तसेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची माळ आपल्या पणजोबांना झोपेतही येत असे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आज तो किती जणांना येतो? येथे लगेच 'जुन्या लोकांची स्मरणशक्तीच वेगळी' हे पालुपद सुरू होते. पण रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, अशा बाजारात पाव-पाऊण-दीड-अडीचचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागे. दररोज दुकानात त्याची परीक्षा होई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकी बाजारातून उठली. मग ती डोक्यातूनही उठली. आहार तोच राहिला, तूप तेच, माणसेही तीच. बदलला तो व्यवहार.

हा रोग केवळ आपला आहे असे समजू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पेलमन इन्स्टिट्यूटने टपालाद्वारे मनाच्या व्यायामाचे धडे विकून लाखो गिऱ्हाइके मिळविली. बेडन-पॉवेलसारख्या नामवंतांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत असत आणि दिल्लीच्या शाखेचा पत्ताही छापलेला असे. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये मोझार्टच्या संगीतावर एक छोटा निबंध आला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका विशिष्ट कसोटीत दहा-पंधरा मिनिटे टिकणारी सुधारणा, एवढाच त्याचा दावा. पाच वर्षांत अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर प्रत्येक नवजात बालकाला संगीत वाटण्यासाठी सरकारी पैसे मागत होता. गिंको या झाडाच्या अर्काची ७५ वर्षे वा अधिक वयाच्या ३०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षे चाचणी झाली. स्मृतिभ्रंश टळला नाही, हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीने फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड केली. गोऱ्या माणसाच्या डब्यावर ऋषी नसतो, पांढरा कोट असतो, इतकाच फरक.

मेंदूच्या खेळांविषयी माझा आवडता पुरावा १९८० सालचा आहे. चेस आणि एरिक्सन या संशोधकांनी एका सामान्य बुद्धीच्या महाविद्यालयीन मुलाला अंक ऐकून तसेच परत म्हणण्याचा सराव दिला. सुरुवातीला तो सात अंक म्हणत असे. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९. मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता. अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली. तो पुन्हा सहावर आला! त्याने 'स्मरणशक्ती' वाढविली नव्हती, अंक लक्षात ठेवण्याची कला कमावली होती. मोबाइलवर चित्रांच्या जोड्या लावून मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर सोपा जाईल, अशी आशा करणाऱ्यांनी ती अक्षरे आठवावीत.

याच कारणाने 'संस्कृत परिणामा'विषयीचा लाडका संदेशही थोडा सावरून घ्यावा. २०१६ मध्ये यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही भागांत त्यांचा करडा द्रव्यभाग इतरांहून अधिक आढळला. अभ्यास खरा आहे आणि रंजकही. पण ते पंडित वर्षानुवर्षे, रोज कित्येक तास पठण करून तयार झालेले होते. त्यावरून शाळेत आठवड्याला तीन तास सुभाषिते म्हटल्याने मेंदू वाढतो असे काढणे म्हणजे पैलवानाचे दंड पाहून तालमीच्या दारावरून चालत गेल्याने ताकद येते असे म्हणणे.

येथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही दोन शब्द सुनावतो. पाठांतर म्हटले की 'घोकंपट्टी' म्हणून नाक मुरडण्याची एक सुशिक्षित फॅशन आहे. अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला ओझे वाहणारा खांब म्हणणारे वचन यास्काने निरुक्तात उद्धृत केले आहे, तेव्हा ही टीका काही नवी नाही. पण ज्याच्या डोक्यात सनावळीच नाही त्याला पानिपत आणि प्लासी यांत चारच वर्षांचे अंतर आहे हे कधी खटकणार नाही, आणि खटकले नाही तर तो विचारही करणार नाही.

आहाराचे काय? आहाराने मेंदूवर परिणाम होतो, यात शंका नाही. विशेषतः कमतरता असेल तेव्हा. भारतात या बाबतीतली मोठी गोष्ट कोणत्याही कॅप्सूलची नसून मिठाची आहे. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गर्भारपणी आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ती हानी टाळणारी वस्तू काही रुपयांना किराण्याच्या दुकानात मिळते, आणि तिच्या पुडीवर ऋषी नसतो. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर डॉक्टर रक्त तपासून सांगतील. बाकोपावर काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत, आठवड्यांच्या सेवनानंतर काही कसोट्यांत माफक फरक दिसल्याचे त्या सांगतात. त्यांवरून 'हजारो ऋचा' निघत नाहीत.

मावशीला मी एवढेच कळविले. आणि २००६ मधला रोडिगर-कार्पिकी यांचा प्रयोग सांगितला : उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. म्हणजे पुस्तक मिटून उजळणी. पंतोजी हेच करून घेत. झोपेविषयीही सांगितले, कारण मावसभाऊ रात्री दोनपर्यंत जागतो. डबा तिने आधीच मागविला होता, हे तिने मला नंतर सांगितले. शेजारच्या मुलाने घेतला, मग आपल्याच मुलाला कमी का पडू द्यायचे? त्या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि विक्रेत्याचा खरा माल तीच आहे. आता रोज रात्री साडेआठला मी मावसभावाला फोनवर दहा प्रश्न विचारतो. कॅप्सूलही चालू आहे. निकाल चांगला लागला तर श्रेय कोणाला मिळणार, ते मला आताच दिसते आहे.

तुमच्या घरी औटकी म्हणणारे कोणी अजून असेल तर या रविवारी ध्वनिमुद्रण करा आणि या धाग्याखाली जोडा. म्हणणाऱ्यांचे जन्मसाल आणि गाव तेवढे लिहा. जात्याची ओवी असेल तर हात मोकळे ठेवून म्हणायला सांगू नका; खुंटा नसला तरी धरू द्या.